इंजेक्टर नवे, तरी ट्रकचं इंजिन खोकतंय

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाच्या सहा इंजेक्टर बदलून झाले. चावी फिरवली, इंजिन बराच वेळ नुसतंच फिरलं, मग एकदाचं लागलं आणि लागल्याबरोबर सगळ्यांची तोंडं पडली. स्लो रेसवर, म्हणजे उभ्या जागी रेस न देता, गाडी थरथरतेय, आरसा इतका हलतोय की मागचं काही दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि जरा रेस दिली की ठसका लागल्यासारखा आवाज. आधी रडतखडत का होईना, चालत तरी होती! मग कुणीतरी ते ठरलेलं वाक्य बोलतं, ‘माल डुप्लिकेट निघाला.’

निघतो कधी कधी. पण मी पाहिलेल्या अशा बहुतेक गाड्यांत खोट नव्या इंजेक्टरच्या पोटात नव्हती. इंजेक्टर काढता-घालताना ज्या ज्या वस्तूला हात लागला, त्यांतल्याच कशात तरी ती होती. म्हणून पाना पुन्हा उचलण्याआधी पाच मिनिटं बसा आणि या कामात काय काय उघडलं ते आठवून कागदावर लिहा. डिझेलचे पाइप, रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल परत नेणारी), वायरिंगचे सॉकेट, हवेचा होज, टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण), कदाचित रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे), फिल्टर. झाली तुमची संशयितांची यादी तयार. तपासणी तिथूनच सुरू करायची, आणि फुकटात तपासता येतं ते आधी.

एवढं नाजूक काय आहे त्यात?

आजच्या बहुतेक ट्रकमध्ये कॉमन रेल पद्धत असते. पंप डिझेलवर प्रचंड दाब देऊन ते एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून ठेवतो. तिथून प्रत्येक इंजेक्टरकडे एक पाइप जातो. इंजेक्टर कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा संगणक, ठरवतो. स्लो रेसवर रेलमध्ये काहीशे बार दाब असतो. पूर्ण भारावर तो १६०० ते २००० बारवर जातो, काही नव्या इंजिनांत त्याहूनही वर. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, यावरून अंदाज घ्या.

नोझलची, म्हणजे इंजेक्टरच्या टोकाची, भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. आतल्या सरकत्या भागांमधली फट तर दोन-चार मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना ‘स्वच्छ’ दिसणारं फडकं इंजेक्टरच्या हिशेबात चिखलाने भरलेलं असू शकतं.

आता वेग बघा. इंजिन ६०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा डिझेल उडतं. तेही एका दमात नाही. मुख्य फवाऱ्याच्या जरा आधी एक इवलासा फवारा सोडतात, त्याला पायलट म्हणतात. त्यात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम डिझेल असतं. त्याने आत हळूच आग धरते आणि मागून येणारा मुख्य फवारा धाडकन न पेटता सावकाश पेटतो. जुन्या डिझेल इंजिनांचा तो ठोकल्यासारखा आवाज नव्यांत कमी झाला, त्याचं मोठं श्रेय या पायलटला. हा एक-दोन मिलिग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं

हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या भागाच्या, आतून डिझेलचे मार्ग जात असतील, तर इंजेक्टर उपसताना तिथलं थोडं डिझेल खाली सिलिंडरमध्ये सांडतं. शिवाय पाइपांत, रेलमध्ये, फिल्टरमध्ये हवा शिरलेली असते. त्यामुळे पहिल्यांदा सुरू होताना भसाभस पांढरा धूर आणि अडखळणं साहजिक आहे. इंजिन तापत जाईल तसा धूर विरतो आणि चाल सुधारते. सुधारत असेल तर घाई करू नका, सुधारू द्या. दहा-पंधरा मिनिटांत काहीच फरक पडला नाही, किंवा चाल उलट बिघडत गेली, तर मात्र इंजिन बंद करून शोध सुरू करायचा.

या सांडलेल्या डिझेलची एक वाईट बाजूही आहे. ते फार असेल तर पिस्टन वर येताना त्याला ते दाबता येत नाही, कारण द्रव पदार्थ हवेसारखा दबत नाही. अशा वेळी स्टार्टरचा झटका बसला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजेक्टर काढण्याआधी हेडमधलं डिझेल काढून घेणं आणि नवे बसवण्याआधी मोकळ्या भोकांनी इंजिन एकदा फिरवून घेणं, हे शहाणपणाचं काम आहे. तेव्हा भोकांवर वाकून बघत उभं राहायचं नाही, एवढं सांभाळा. हे राहून गेलं असेल आणि स्टार्टर मारताना इंजिन एका जागी ‘ठक्’ करून अडलं असेल, तर ती गोष्ट लपवू नका. पुढच्या मिस्त्रीला ती माहीत असायला हवी.

हवा धरणं हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत जास्त भेटणारा त्रास. लक्षणं ठरलेली आहेत. सुरू व्हायला वेळ, सुरू झाल्यावर रेस आपोआप वर-खाली, मधेच बंद. फिल्टरवरचा हँड प्रायमर (छोटा हातपंप) कडक होईपर्यंत मारा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्क्रूमधूनच हवा काढा. तरीही पुन:पुन्हा हवा येत असेल तर ती टाकी ते पंप या ओढणाऱ्या बाजूने शिरतेय. तिथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे गळती असूनही बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही, उलट हवाच आत जाते. फिल्टरची जुनी रबर रिंग आणि ढिली क्लिप आधी बघा. ओढणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात आणि वादच मिटतो.

जाता जाता एक सवय मोडायला सांगतो. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरायची पद्धत आहे. फिल्टरच्या मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता सरळ स्वच्छ बाजूला जातं आणि तिथून पंपात, इंजेक्टरमध्ये. हजारो रुपयांचे इंजेक्टर बसवायचे आणि त्यांच्या तोंडात पहिला घोट न गाळलेला घालायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. फिल्टर रिकामा बसवा आणि प्रायमर मारा. हात दुखेल, दुखू द्या.

पाइप ढिला करून बघायचं नाही

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका पाइपचा नट ढिला करायचे. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. त्या काळी नोझल २०० बारच्या आसपास उघडायचा, आणि तेव्हाही ते फारसं सुरक्षित नव्हतंच. कॉमन रेलवर हे अजिबात करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला काही मिनिटं द्या.

मग मेलेला सिलिंडर ओळखायचा कसा? दोन सभ्य मार्ग आहेत. पहिला स्कॅनरचा, म्हणजे कंट्रोलरशी जोडून त्याचे आकडे वाचणाऱ्या यंत्राचा. बहुतेक कंट्रोलर एकेक सिलिंडर बंद करून बघायची सोय देतात. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच लंगडतं, मेलेला बंद केला तर काहीच फरक पडत नाही. त्याच स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरसमोर सुधारणेचा आकडाही दिसतो. बहुतेक पद्धतींत आकडा अधिक असेल तर तो सिलिंडर कमजोर आहे आणि कंट्रोलर त्याला जास्त डिझेल देऊन सांभाळतोय, वजा असेल तर तो गरजेपेक्षा जास्त जोर करतोय. दुसरा मार्ग तापमानाच्या गनचा. थंड इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर गन मारा. जो जळत नाही तो बाकीच्यांपेक्षा चांगलाच गार सापडतो. उशीर केलात तर सगळं लोखंड एकसारखं तापतं आणि फरक पुसट होतो.

एकच सिलिंडर गार असेल तर त्रास त्या एका जागी आहे. इंजेक्टर, त्याचा वॉशर, त्याची वायर, त्याचा टॅपेट (वॉल्व्हची फट लावायची जागा), कम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबणं). सगळे सारखेच कुथत असतील तर एकेका इंजेक्टरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तेव्हा हवा, फिल्टर, रेलचा दाब किंवा कोडिंग (त्याबद्दल पुढे येतंय) बघायचं.

एक वॉशर जास्त

इंजेक्टरच्या टोकाला बहुधा तांब्याचा वॉशर असतो. तो दोन कामं करतो. जळणाचा वायू वर येऊ देत नाही आणि नोझल पिस्टनच्या वर नेमका किती बाहेर डोकावणार ते ठरवतो. वॉशर १.५ मिमीचा, २ मिमीचा, ३ मिमीचा असा वेगवेगळ्या जाडीत मिळतो, आणि दिसायला सगळे सारखेच.

या वॉशरची एक खोड आहे. जुना इंजेक्टर उपसताना तो टोकाला चिकटून बाहेर येतो, किंवा येत नाही. आला नाही तर भोकाच्या तळाशी काजळीत रुतून बसतो. लाखो किलोमीटरची काजळी बसलेली असते, त्यामुळे तांब्याचा रंग वगैरे काही दिसत नाही. वरून टॉर्च मारली तर तो हेडचाच भाग वाटतो. त्याच्यावर नवा इंजेक्टर नव्या वॉशरसकट बसतो. पानाही नीट लागतो, कुठे अडत नाही.

मी असा एक पाहिला तेव्हा आधी विश्वास बसला नव्हता. सहापैकी चौथा सिलिंडर ठोकत होता, त्याचा धूर काळपट, बाकी पाच शांत. इंजेक्टर पुन्हा काढला आणि त्या भोकात पातळ तारेचं टोक वाकवून फिरवलं. कडेला एका ठिकाणी तार अडकली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तिथे हलकं खरवडल्यावर काळ्यातून लालसर रेघ चमकली. तांबं! आतल्या बाजूने पकडणारा आटे असलेला पुलर घालून ओढल्यावर तो ‘टक्’ करून सुटला. दोन वॉशर एकावर एक बसल्याने नोझल दोन मिलिमीटर वर राहिला होता. पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडायला हवा तो फवारा वाटीच्या काठावर आदळत होता. डिझेल हवेत नीट मिसळत नव्हतं, म्हणून काळा धूर आणि म्हणूनच ती ठकठक. सहा इंजेक्टर काढले तेव्हा टेबलावर सहा जुने वॉशर मोजले असते, तर हे घडलंच नसतं.

उलटही होतं. वॉशर बसलाच नाही, किंवा खालची काजळी न घासता बसवला, तर कम्प्रेशनचा वायू इंजेक्टरच्या कडेने वर येतो. इंजेक्टर बाहेरून दिसणाऱ्या इंजिनात ‘चफ् चफ्’ असा आवाज येतो. त्याच्याभोवती थोडं डिझेल किंवा साबणाचं पाणी सोडलं की बुडबुडे उठतात. दुर्लक्ष केलं तर काही दिवसांत तिथे डांबरासारखा काळा कडक थर जमतो, आणि मग तो इंजेक्टर काढणं म्हणजे पाषाणातून मूर्ती काढणं. इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या आत असतील तर आवाज दबून जातो, पण ऑइल भरायच्या तोंडातून येणारी वाफ वाढलेली जाणवते.

याच जागेतली आणखी एक भानगड म्हणजे स्लीव्ह. काही इंजिनांत इंजेक्टर ज्या नळकांड्यात बसतो त्याच्या बाहेरून कूलंट फिरतं. इंजेक्टर ओढताना ते नळकांडंच हललं तर कूलंट सिलिंडरमध्ये येतं किंवा वायू कूलंटमध्ये जातो. तापूनही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे, अशी जोडी दिसली की इंजेक्टर सोडा आणि स्लीव्ह तपासा.

बाजूने येणारी नळी

बऱ्याच ट्रक इंजिनांत दाबाचं डिझेल इंजेक्टरला वरून मिळत नाही. हेडच्या कडेने एक छोटी जाड नळी आडवी घुसते आणि तिचं गोल टोक इंजेक्टरच्या कडेच्या खळग्यात रुतून बसतं. इथे रबर नाही, वॉशर नाही. लोखंडावर लोखंड दाबून गळती थांबते, म्हणून क्रमाला फार महत्त्व. इंजेक्टर आधी पूर्ण आवळून टाकला आणि मग ही नळी ठोसली, तर टोक तिरकं बसतं. बहुतेक ठिकाणी रीत अशी आहे, की इंजेक्टर हलका धरायचा, नळी थोडी आवळून दोघांना एकमेकांशी जुळू द्यायचं, मग इंजेक्टरचा क्लॅम्प टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आणि शेवटी नळी टॉर्कने. नेमका क्रम आणि आकडे तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्या, अंदाजाने नको.

ही नळी तिरकी बसली की बाहेर काहीच गळत नाही, आणि तीच पंचाईत. गळलेलं डिझेल गुपचूप रिटर्नला जातं. रेलमध्ये दाब चढत नाही, सुरू व्हायला उशीर लागतो, भार पडला की गाडी हात टेकते. तपासणी सोपी आहे. रिटर्न लाइन मोजपात्रात सोडा आणि ठरावीक वेळात किती डिझेल येतं ते कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघा. जास्त येत असेल तर कंपनीने दिलेल्या टोप्या लावून एकेक सिलिंडरचा मार्ग बंद करत जा. ज्याला बंद केल्यावर रिटर्न एकदम कमी होतो, तिथे गळती. जुन्या नळ्या पुन्हा वापरल्या असतील तर त्यांच्या टोकांवर नखाने चाचपून बघा, खाच लागते का. अनेक कंपन्या हे दाबाचे पाइप एकदाच वापरायचे म्हणून सांगतात. त्यामागे धंदा असेलही, पण एकदा एका खळग्याशी जुळलेलं टोक दुसऱ्या खळग्यात तितकं चोख बसत नाही, हेही खरंच आहे.

इंजेक्टरवरच्या ओ-रिंगलाही इथेच जागा द्यायला हवी. कोरडी ओ-रिंग घालताना कापली गेली तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून काम झाल्यावर पहिले काही दिवस रोज डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वर जात असेल, ऑइल पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी हलवू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात, आणि ऑइल फार वाढलं तर इंजिन तेच जाळत बेभान पळू शकतं. तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही.

कोडिंग : प्रत्येक इंजेक्टरचं स्वतःचं टिपण

एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले दोन इंजेक्टरही तंतोतंत सारखं डिझेल देत नाहीत. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर वेगवेगळ्या दाबांवर तपासतात आणि तो कुठे किती कमी-जास्त देतो, ते आकडे-अक्षरांच्या एका संकेतात लिहून त्याच्या डोक्यावर कोरतात. काही कंपन्यांचा कोड सहा-सात अक्षरांचा असतो, काहींचा वीस-तीस अक्षरांपर्यंत जातो. हा कोड कंट्रोलरला दिला की कंट्रोलर त्याप्रमाणे उघडायचा वेळ बदलतो. ‘हा जरा हात आखडून देतो, याला किंचित जास्त वेळ देऊ या,’ असा तो हिशेब.

कोड घातलाच नाही तर? इंजिन चालतं. म्हणूनच लोक फसतात. पूर्ण भारावर एकेका फवाऱ्यात शंभराच्या घरात मिलिग्रॅम डिझेल असतं, तिथे एका मिलिग्रॅमची चूक कुणाला जाणवतही नाही. पण स्लो रेसवर डिझेल अगदी थोडं असतं, आणि पायलट तर एक-दोन मिलिग्रॅमचाच. तिथे एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे पायलट अर्धा झाला किंवा गायबच झाला. पायलट गेला की ठकठक परत आली. यावरून एक उपयोगी खूण मिळते. गाडी चढावर मजेत ओढते पण उभी असताना थरथरते आणि ठोकते, तर कोडिंगकडे बघा. उभी असताना सुरेल आणि चढावर मात्र दम लागतो, तर फिल्टर, रेलचा दाब किंवा टर्बोचा होज बघा. ही खूण प्रत्येक वेळी खरी ठरतेच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगते.

कोड घातला पण चुकीच्या सिलिंडरला घातला, ही त्याहून गंमतीची चूक. एका गाडीवर आम्ही यात अख्खा दिवस घालवला. कोड सगळे बरोबर, एकही अक्षर चुकलेलं नाही, कंट्रोलरने सगळे विनातक्रार घेतलेले, फॉल्ट कोड शून्य. आणि गाडी उभ्या जागी नाचतेय. शेवटी लक्षात आलं, की कोड टिपून घेणाऱ्या मुलाने सिलिंडर मोजायला फ्लायव्हीलच्या बाजूने सुरुवात केली होती. त्या इंजिनात एक नंबर पंख्याच्या बाजूला होता. म्हणजे एकचा कोड सहाला, दोनचा पाचला, तीनचा चारला. सहाही इंजेक्टर दुसऱ्याचा चष्मा लावून बसले होते. स्कॅनर जोडून कोड उलट क्रमाने पुन्हा भरले, दहा मिनिटांचं काम. कुठल्या बाजूने मोजायचं हे इंजिनागणिक बदलतं, म्हणून बसवण्याआधीच प्रत्येक इंजेक्टरचा फोटो काढा आणि फोटोत सिलिंडरचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही येऊ द्या. बसल्यावर कोड पाइपाखाली झाकला जातो आणि मग आरसा लावून उलटी अक्षरं वाचत बसावं लागतं.

कोड भरल्यावर आणखी एक काम उरतं. जुने इंजेक्टर झिजत गेले तसतसा कंट्रोलर त्यांच्या खोडी शिकत गेलेला असतो आणि त्याप्रमाणे त्याने दुरुस्त्या साठवलेल्या असतात. नवे आले तरी तो जुन्यांचीच मर्जी सांभाळत राहतो. स्कॅनरमधून या शिकलेल्या दुरुस्त्या पुसायची सोय असेल तर पुसा. त्यानंतर तापलेल्या इंजिनावर, उतारावर पाय काढून, असं काही वेळ चालवल्यावर तो नव्याने शिकतो. पहिल्या दिवशीची किंचित कुरकुर यामुळे पुढे आपोआप जाते.

वायर, टॅपेट आणि किरकोळ वाटणारी माणसं

दोन सॉकेटची अदलाबदल सहज होते, विशेषतः शेजारच्यांची. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम बहुधा १-५-३-६-२-४ असतो. यात तीन आणि चार यांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण एकाचं कम्प्रेशन चालू असताना दुसऱ्याचं एक्झॉस्ट चालू असतं. या दोघांच्या वायरी उलट लागल्या तर डिझेल नेमकं चुकीच्या वेळी उडतं. दोन सिलिंडर मेलेले आणि पांढरा धूर न थांबणारा. शेजारचे दोन एकदम गेले की आधी वायरी बघा.

इंजेक्टरच्या डोक्यावरचे वायरीचे छोटे नट हलक्या हाताने आवळायचे असतात, जोर लावला की खुंटीच फिरते. मल्टिमीटरने रोध मोजलात तर सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या) इंजेक्टरचा बहुधा एका ओहमच्या आत येतो, पिएझोचा (विजेने ताणणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) मात्र दीडशे-दोनशे किलो-ओहमच्या घरात. त्यामुळे आपला कुठला प्रकार आहे हे आधी माहीत हवं. इंजिन चालू असताना या सॉकेटला हात लावायचा नाही. कंट्रोलर तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज पाठवतो.

इंजेक्टर काढायला रॉकर उतरवले असतील तर टॅपेट पुन्हा सेट करणं आलंच. एक टॅपेट जास्त आवळला गेला आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल, तर कम्प्रेशनच होत नाही. मग जगातला सर्वोत्तम इंजेक्टर लावा, तो सिलिंडर पेटणार नाही. दोन वॉल्व्ह एकदम दाबणारा पूल आपल्या जागेवरून सरकलेला असणं, हाही त्यातलाच प्रकार.

टर्बोचा होज, त्याची क्लिप, दाबाच्या सेन्सरचं सॉकेट या गोष्टी वाटेत आल्या म्हणून काढल्या जातात आणि लावताना अर्धवट राहतात. काळा धूर आणि पिकअप नाही, म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी. आधी इथे हात फिरवा.

कॅमशाफ्टने दाबले जाणारे युनिट इंजेक्टर असतील तर रॉकरची उंची मॅन्युअलप्रमाणे लावणं आवश्यक असतं, त्यावर टायमिंग आणि डिझेलचं प्रमाण दोन्ही अवलंबून असतं. आणि जुन्या मेकॅनिकल नोझलच्या गाड्यांत सगळ्या नोझलचा उघडण्याचा दाब टेस्टरवर सारखा आहे ना, एवढं बघितलं की निम्मं काम होतं.

जुने कशाने मेले?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, पण लोक तो शेवटी विचारतात. जुने इंजेक्टर नुसते वयाने गेले असतील तर ठीक. पण डिझेलमधल्या पाण्याने गंजले असतील, किंवा पंपाचे तुकडे होऊन लोखंडाचा चुरा लाइनमध्ये फिरत असेल, तर नवेही त्याच वाटेने जाणार, काही वेळा पहिल्याच दिवशी. जुना फिल्टर फेकून दिला नसेल तर तो कापा, कागद उलगडा आणि उन्हात धरा. चंदेरी कण चमकले, चुंबकाला काही चिकटलं, तर पंप, रेल, पाइप आणि टाकी साफ केल्याशिवाय इंजेक्टरवर आणखी पैसे घालू नका. स्कॅनरवर रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून बघा. मागितलेला वर जातो आणि प्रत्यक्ष मागे रेंगाळतो, तर पंप, त्याचा कंट्रोल वॉल्व्ह किंवा रेलचा सेफ्टी वॉल्व्ह यांच्यातला कुणीतरी कामचुकार आहे.

हे सगळं करूनही संशय इंजेक्टरवरच राहिला, तर जागाबदलाची परीक्षा घ्या. समजा चौथा सिलिंडर मिस करतोय. चारचा इंजेक्टर दोनला आणि दोनचा चारला लावा. वॉशर नवे, आणि कोडही त्यांच्या मागोमाग बदलायचे, ते विसरलात तर परीक्षाच खोटी. आता दोष दोनवर गेला तर इंजेक्टर खराब, तो टेस्ट बेंचच्या रिपोर्टसकट परत करा. दोष चारलाच राहिला तर इंजेक्टर निर्दोष आहे. मग चारचं कम्प्रेशन मोजा, त्याची वायर कंट्रोलरपर्यंत तपासा आणि ते भोक पुन्हा एकदा टॉर्च लावून बघा.